जुनी फॉरेस्टर उंच करायची, पण किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही कोलशेत रोडला राहता. वडिलांनी घेतलेली २००५ची शेव्हरोले फॉरेस्टर आता तुम्ही चालवता, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत, टायर २१५/६० आर १६. मुरबाडच्या पुढे गावी घर आहे. शेवटचे चार किलोमीटर कच्चा रस्ता, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की गाडी चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, लागते. म्हणून ती ३ इंच उचलायची, मोठे ऑल-टेरेन टायर (२१५/७० आर १६) घालायचे, पुढे लोखंडी गार्ड आणि टपावर लाइट बार लावायचा. एका गॅरेजने सांगितलंय की स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून दोन तासांत गाडी उंच करून देतो. करावं का?

माझं उत्तर असं. बफर अजिबात नको. ३ इंचही नको. आधी गाडीला तिची स्वतःची मूळ उंची परत द्या, टायर बदला, चेंबरखाली प्लेट लावा आणि एक पावसाळा गावी जाऊन या. त्यानंतरही लागत असेल तर ४० मिलिमीटरपर्यंत उचलू, त्याच्या वर नाही. वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय, त्यात हाताखालून गेलेल्या फॉरेस्टर मोजक्याच, पण जवळजवळ प्रत्येकीत हाच क्रम बरोबर ठरला. का, ते आता सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीवर शेव्हरोलेचा बो-टाय बिल्ला असला तरी ती नखशिखांत सुबारू आहे. त्या काळात जनरल मोटर्सचा सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये हिस्सा होता, म्हणून ती आपल्याकडे शेव्हरोलेच्या नावाने विकली गेली. सुबारूच्या भाषेत ही ‘एसजी’ पिढी. १९९४ सीसीचं ईजे२० इंजिन, समोरासमोर आडवे झोपलेले पिस्टन, चारही चाकांना कायम ताकद. जनरल मोटर्सने २०१७च्या शेवटी भारतात गाड्या विकणं थांबवलं, त्यामुळे पार्टसाठी शेव्हरोलेच्या नावाने शोधत बसू नका. चॅसी नंबर देऊन सुबारू फॉरेस्टर एसजी म्हणून मागवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नशीब असेल तर काही मिळतं, बाकी दुबई किंवा जपानहून. वेळ लागतो, तो आधीच धरून चाला.

ही गाडी कच्च्या रस्त्यावर चांगली का चालते ते समजलं की काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही हेही समजतं. सुबारूने १९७२ साली लिओन नावाच्या साध्या वॅगनला चारही चाकांची ताकद दिली, तेव्हापासून त्यांची मांडणी फारशी बदललेली नाही. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, गिअरबॉक्स त्याच्या मागे सरळ रेषेत, आणि तिथून निघणारे डावे-उजवे ड्राइव्ह शाफ्ट सारख्याच लांबीचे. वजन खाली आणि मधोमध. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) असतं आणि त्याला व्हिस्कस कपलिंग जोडलेलं. पुढची चाकं चिखलात फिरायला लागली की कपलिंगमधलं सिलिकॉनचं तेल घट्ट होतं आणि ताकद मागे जाते. यात कुठलंही बटण नाही, आणि हे सगळं सुरळीत चालतं ते चारही टायर एकाच मापाचे असतील आणि शाफ्ट फार वाकडे नसतील तरच. गाडी जितकी उंच कराल तितके हे शाफ्ट वाकडे होतात. म्हणून मी हात आखडता घेतो.

आता आधीचं काम. एक टेप घ्या आणि चारही चाकांवर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर मोजा. गाडी सपाट जमिनीवर, टाकी अर्धी, आत कोणी नाही. आकडे लिहून ठेवा. माझा अंदाज आहे की तुमच्या गाडीची मागची बाजू बसलेली असेल. एसजी फॉरेस्टरच्या बऱ्याच गाड्यांना मागे सेल्फ-लेव्हलिंग स्ट्रट (स्प्रिंगच्या मधोमध उभा बसणारा शॉकअप) यायचे, म्हणजे सामान भरलं की गाडी चालता चालता आपोआप पंपून स्वतःला वर उचलणारे. नवे असताना फार छान चालतात. पण या वयात आतलं सील गेलं की ते उचलणं थांबतं, आणि त्यांच्या जोडीची स्प्रिंग मुळातच मऊ असल्यामुळे गाडी मागे बसते. लोक म्हणतात, गाडीची हाइट कमी आहे. खरं तर कंपनीने दिलेली हाइट हरवलेली असते. एका गाडीत साधे स्ट्रट आणि त्यांना जुळणाऱ्या कडक स्प्रिंगा टाकल्यावर मागची बाजू मोजून २८ मिलिमीटर वर आली, उंची वाढवणारा स्पेसर एकही न लावता. त्या मालकाला पुढे काही करावंच लागलं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, सेल्फ-लेव्हलिंग स्ट्रट काढून साधे घालताना स्प्रिंगही बदलावीच लागते. जुनी मऊ स्प्रिंग साध्या स्ट्रटवर ठेवली तर गाडी आणखी खाली बसेल.

उचलण्याआधी आणखी काय तपासायचं? टायमिंग बेल्ट सगळ्यात आधी. ईजे२०मध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन उघडावंच लागतं. साधारण एक लाख किलोमीटरला तो बदलतात, पण कमी चाललेल्या जुन्या गाडीत वर्षंही मोजायची. शेवटचा कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून पंप, टेन्शनर आणि आयडलर एकाच वेळी बदला. दोन्ही हेडच्या खालच्या कडेला तेलाची किंवा कूलंटची ओल आहे का तेही टॉर्च मारून बघा. हेड गॅस्केटची बदनामी मुख्यतः अडीच लिटरच्या इंजिनाची आहे, तुमच्या दोन लिटरला तो त्रास कमी, पण बघायला पाच मिनिटं लागतात.

मग मागच्या चाकांची बेअरिंग. या पिढीत ती लवकर जातात, साठच्या पुढे घूंऽऽ असा आवाज येतो आणि लोक तो टायरचा समजतात. पुढच्या चाकांकडे आतल्या बाजूचे सीव्ही बूट (ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावरची रबरी टोपणं), त्यातही एक्झॉस्टच्या जवळचा, उष्णतेने तडकतो आणि ग्रीस उडून सायलेन्सरवर जळतं. जळक्या ग्रीसचा वास येत असेल तर तो तिथला. आणि व्हिस्कस कपलिंग. कोरड्या काँक्रीटच्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळत, झटके देत, कोणी मागून धरल्यासारखी चालली तर कपलिंग आवळलंय. अशा गाडीला उंची देऊन काहीही उपयोग नाही.

इथेच ठाण्यातल्या माणसाला एक सूचना द्यावीशी वाटते. ही गाडी पुढची चाकं उचलून, मागची रस्त्यावर फिरती ठेवून कधीही ओढून नेऊ देऊ नका. बंद पडली तर सपाट ट्रकवर चारही चाकं वर घेऊनच न्यायची. दोन चाकांवर ओढलेल्या गाडीचं कपलिंग काही किलोमीटरमध्ये भाजून निघतं.

आता त्या रबरी बफरबद्दल. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबराचा गट्टू अडकवतात. गाडी दोन तासांत वर येते हे खरं आहे. पण तो गट्टू जिथे बसतो तिथले वेढे काम करायचे थांबतात आणि सगळा भार उरलेल्या वेढ्यांवर येतो. स्प्रिंग तिथेच कडक होते, शॉकअप मात्र जुनाच राहतो, आणि आधीच थकलेला. खड्ड्यातून चाक उसळलं की ते परत जमिनीवर बसायला उशीर लागतो. घोडबंदर रोडवर पावसात गायमुखच्या उतारावर ब्रेक लावताना चाक रस्त्याला चिकटलेलं हवं, उसळत राहणारं नको. शिवाय चारही बफर सारखे बसत नाहीत, काही दिवसांत एखादा सरकतो, आणि गाडी एका खांद्यावर झुकते. तुमच्या गॅरेजवाल्याला दोष देत नाही, ज्या गाड्यांत मागे जड सामान नेतात तिथे लोक हे करून घेतात. तुमचं काम वेगळं आहे.

उचलायचीच वेळ आली तर या गाडीत पद्धत सोपी आहे, कारण चारही कोपऱ्यांत स्ट्रट आहेत. स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचे तीन बोल्ट सोडायचे, माउंटिंग आणि बॉडी यांच्यामध्ये चकती ठेवायची, लांब बोल्टने परत आवळायचं. चकती ४० मिलिमीटर जाड असेल तर गाडी जवळपास तितकीच वर येते. स्प्रिंग, शॉकअप, गाडीचा मऊपणा, काहीच बदलत नाही. चकती ॲल्युमिनियमची लेथवर करून घेता येते, पण टर्नरकडे जाताना जुनं माउंटिंग सोबत घेऊन जा, पुढच्या आणि मागच्या भोकांचं माप वेगळं आहे. बोल्टच्या डोक्यावर १०.९ हा ताकदीचा आकडा कोरलेला हवा. बाजारात सुटा मिळेल तो बोल्ट इथे चालत नाही, सगळी गाडी त्या बाराच बोल्टांवर लटकलेली असते.

चकती बसवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं जो करत नाही, त्याच्याकडून गाडी घेऊन जाऊ नका.

गाडी वर गेली की लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे दांडे) खाली झुकतात. आर्मचं बाहेरचं टोक आत सरकतं आणि चाकाचा खालचा भाग आत ओढला जातो, म्हणजे चाक वरच्या बाजूने बाहेर झुकतं. याला पॉझिटिव्ह कॅम्बर म्हणतात. टायर बाहेरच्या कडेने झिजायला लागतो, स्टिअरिंग हलकं आणि भरकटल्यासारखं वाटतं. पुढे स्ट्रट जिथे नकलला (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी तुकड्याला) जोडतो तिथला वरचा बोल्ट कंपनीनेच एक्सेंट्रिक दिलाय, तो फिरवून कॅम्बर परत आणता येतो. मागे त्यासाठी वेगळा कॅम्बर बोल्ट घालावा लागतो. मागच्या चाकाची आणखी एक गंमत आहे. ते एका ट्रेलिंग आर्मने पुढच्या बाजूला बांधलेलं असतं, त्यामुळे गाडी वर गेली की मागचं चाक खाली जाता जाता थोडं पुढेही सरकतं. मागच्या दाराच्या बाजूला टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट कमी होते आणि मोठा टायर तिथे घासतो. ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या ब्रॅकेटखाली छोटा स्पेसर टाकला की चाक जागेवर येतं. हे न करता फक्त वरच्या चार चकत्या लावून दिलेल्या गाड्या मी बघितल्यात, आणि मालक टायर घासतो म्हणून मडगार्डची कडा ठोकून घेत बसतो.

मग ती परीक्षा, जी मी स्वतः केल्याशिवाय गाडी खाली उतरवत नाही. गाडी टू-पोस्ट लिफ्टवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चारही चाकं मोकळी लटकलेली. अशा वेळी शाफ्टचा कोन सगळ्यात जास्त असतो. चाक हाताने सावकाश फिरवायचं आणि दुसरा हात आतल्या सीव्ही जॉइंटवर ठेवायचा. जॉइंट मोकळा असेल तर तेलात फिरल्यासारखा जातो. कोन हद्दीबाहेर गेला असेल तर प्रत्येक फेरीत एका जागी हाताला अडकल्यासारखं जाणवतं, बुटाच्या घड्या एका बाजूने दाबून एकमेकींना घासताना दिसतात. घासणारी घडी काही महिन्यांत फाटते. याच वेळी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज ताणला जातोय का आणि एबीएसची वायर कुठे ओढली जातेय का तेही बघून घ्यायचं. सुरुवातीच्या काळात मी ऐरोलीच्या एका मालकाच्या हट्टाखातर त्यांची वॅगन ६५ मिलिमीटर उचलली होती, बाकी काहीही खाली न उतरवता. आठ हजार किलोमीटरच्या आत दोन्ही आतले बूट फाटले आणि चढावर गाडी थरथरायला लागली. ती चूक माझी होती, शाफ्ट मी माझ्या खर्चाने बदलून दिले, आणि ४०ची हद्द तेव्हापासून ठरवली.

३ इंच करता येत नाहीत असं नाही. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत सुबारूच्या जुन्या लिओन, लेगसी, फॉरेस्टर याहूनही वर नेतात. पण ते फक्त स्ट्रटवर चकत्या ठेवत नाहीत. पुढचा क्रॉसमेंबर (इंजिन पेलणारा आडवा लोखंडी पट्टा), गिअरबॉक्सचं माउंटिंग, मागची सबफ्रेम आणि डिफरन्शियल हे सगळं ठोकळे टाकून बॉडीपासून खाली आणतात, म्हणजे शाफ्टचे कोन परत मूळ जागी येतात. मग स्टिअरिंगचा दांडा आखूड पडतो, तो वाढवावा लागतो, ब्रेकचे होज लांब करावे लागतात. चाकाखालचा रस्ता सोडून सगळं बदलतं. जो माणूस दर आठवड्याला दगडांतून गाडी चालवतो त्याने करावं. तुमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस कोलशेत ते ऑफिस जाणार आहे आणि तिच्यात घरची माणसं बसणार आहेत. स्टिअरिंगच्या दांड्यात जोड घालून ती मुलुंडच्या सिग्नलला उभी राहावी असं मला वाटत नाही.

ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या गाडीत आणखी एक अडचण येते, ती कुठल्याही परदेशी व्हिडिओत नीट कळत नाही. खाडीची हवा. मागच्या नकलमधून एक लांब बोल्ट आरपार जातो, तो दोन्ही लॅटरल लिंकचे (चाकाला आडवं धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, पकडतो. वीस वर्षांत हा बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव होतो. मागच्या पावसाळ्याआधी वाशीची एक गाडी होती. नट सहज निघाला, म्हणून आम्हाला वाटलं काम झालं. बोल्ट फिरायला लागला, पण बाहेर येईना. रबर त्याच्याबरोबर पीळ खात होतं आणि हात सोडला की परत जागेवर येत होतं. गंजनाशक तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी हातोडा, मग जाळ, मग परत हातोडा. शेवटी नकल आणि लिंक यांच्या फटीत पातळ ब्लेड घालून दोन्हीकडून बोल्ट कापला, लिंक खाली काढल्या आणि बुशचे तुकडे प्रेसवर दाबून काढले. एका बाजूला साडेतीन तास. म्हणून मागचं काम उघडण्याआधी ते बोल्ट आणि बुश मागवून ठेवा. नाहीतर गाडी महिनाभर स्टँडवर उभी राहील आणि मिस्त्रीचाही इलाज नसेल. नवा बोल्ट घालताना त्याला जाड ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायचं, पुढच्या माणसाला त्रास होणार नाही.

आणि एक गोष्ट घाईत सगळेच विसरतात. लोअर आर्म, ट्रेलिंग आर्म, लॅटरल लिंक यांचे बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसवायची आणि मग गॅरेजच्या खड्ड्यात किंवा रॅम्पवर जाऊन पूर्ण आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली उतरल्याबरोबर प्रत्येक बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि वर्षभरात फाटतो.

टायरबद्दल तुम्ही २१५/७० आर १६ म्हणालात. मी २१५/६५ आर १६ सांगेन. हे जुन्या डस्टरचं माप, त्यामुळे ऑल-टेरेन नक्षीत सहज मिळतं. तुमच्या सध्याच्या टायरचा व्यास ६६४ मिलिमीटर, याचा ६८६. म्हणजे निव्वळ टायरने ११ मिलिमीटर जागा मिळाली, सस्पेन्शनला हात न लावता. काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८२-८३ असेल, तेवढं ध्यानात ठेवा. २१५/७०चा व्यास ७०७ होतो. तो घासण्याची शक्यता आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे पहिला गिअर लांब होतो. ऑस्ट्रेलिया-युरोपातल्या मॅन्युअल फॉरेस्टरला लो-रेंजचा (सगळे गिअर आणखी हळू पण जोरदार करणारा) वेगळा लिव्हर मिळायचा, त्यांना मोठा टायर परवडतो. लो-रेंज नसेल तर दगडी चढावर तुम्ही क्लचवर गाडी धरून ठेवाल आणि क्लच प्लेट जाळाल.

चारही टायर एकदम बदला. घेर एकमेकांपासून पाव इंचापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळा असता कामा नये. एक टायर फाटला म्हणून एकच नवा घातला तर सेंटर डिफरन्शियल सतत फिरत राहतं आणि कपलिंग तापतं. दर सात-आठ हजाराला टायर आळीपाळीने फिरवा. स्टेपनीही त्याच मापाची. रिम शक्यतो स्वतःच्याच ठेवा. पोलो-व्हेंटोच्या अलॉयची पाच भोकं १०० मिलिमीटरच्याच वर्तुळावर आहेत म्हणून लोक त्या बसवायला जातात, पण मधलं भोक एका मिलिमीटरने मोठं आहे, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) वेगळा आहे, आणि फोक्सवॅगनच्या रिममध्ये बोल्टची बसकण गोल असते तर सुबारूचा नट निमुळता. बसल्यासारखं दिसतं, नीट बसत नाही.

गाडी चेंबरला लागते ही तुमची मूळ तक्रार आहे, तिच्यावर सरळ इलाज म्हणजे प्लेट. ५ मिलिमीटर ॲल्युमिनियम किंवा ३ मिलिमीटर लोखंड. ६०० बाय ६००ची प्लेट धरली तर ॲल्युमिनियम पाच किलोच्या आत, लोखंड साडेआठ किलोच्या आसपास. मी ॲल्युमिनियम घेईन, पुढची स्प्रिंग वाचते. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला चांगले फॅब्रिकेटर आहेत, पण त्यांना हे आधी सांगा: ऑइल फिल्टर इंजिनाच्या खालीच आहे आणि एक्झॉस्टचे पाइपही खालूनच जातात. तेल सोडायला आणि फिल्टर काढायला भोक हवं, पाइपापासून बोटभर तरी मोकळी जागा हवी, आणि गरम हवा निघायला मागे फटी हव्यात. प्लेट क्रॉसमेंबरला बांधायची. रेडिएटरखालच्या पातळ पत्र्याला बांधली तर पहिल्याच दगडाला पत्र्यासकट मागे येईल.

लोखंडी गार्ड आणि लाइट बार मनातून काढून टाका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच असे गार्ड काढायला लावण्याबाबत राज्यांना कळवलंय. पादचाऱ्याला ते जास्त इजा करतात, आणि गाडीची टक्कर शोषण्याची रचना त्यांनी बिघडते. शिवाय तो जड बोजा नेमका पुढच्या स्प्रिंगवर बसतो, आणि आपण तर तिथे मिलिमीटर मोजतोय. टपावरच्या बारचा झोत समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. त्याऐवजी हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घ्या, वायरिंगला रिले टाका. गाडी उचलली तर झोत परत बसवायचा: भिंतीपासून १० मीटरवर उभी करून डिपर दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली पडला पाहिजे.

कायद्याचं सरळ सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. मूळ उंची परत आणणं, म्हणजे स्ट्रट आणि स्प्रिंग बदलणं, ही दुरुस्ती आहे, त्याला कोणाची हरकत नाही. चकत्या टाकायच्या असतील तर आधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवा, अपघातानंतर ही गोष्ट वर येऊ नये. तुमची १५ वर्षांची नोंदणी २०२०लाच संपली, त्यानंतर दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून ती वाढवावी लागते. निरीक्षक गाडीखाली बघतो. म्हणून मी काहीही कापून-वेल्ड करून बसवत नाही, सगळं बोल्टवर, आणि काढलेला प्रत्येक पार्ट मालकाच्या हातात देतो.

चालवण्याबद्दल थोडंसं. कच्चा रस्ता सुरू झाला की हवा ३०वरून २४ पीएसआयवर आणा, परत डांबरावर आल्यावर भरा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा. चार किलोमीटरच्या चिखलात या एका गोष्टीने जितका फरक पडतो तितका एक इंच उंचीने पडत नाही. चाकोरीत चाकं घालू नका, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून चाला, चेंबर आपोआप वर राहतो. कडेला भातखाचराचा बांध असेल तर मात्र त्यावर चाक चढवू नका. ओला बांध एका चाकाने फुटतो आणि शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं. येऊरला सराव करू असं काहीजण म्हणतात, तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, तिथे रस्ता सोडायचा नाही.

पाण्यात हबच्या वर जाऊ नका. इंजिन हवा कुठून घेतं ते बॉनेट उघडून एकदा डोळ्यांनी बघून ठेवा. काळू किंवा शाई नदीला पाणी चढलं आणि साकव दिसेनासा झाला तर थांबायचं, चाळीस मिलिमीटर तिथे काहीच नाहीत. पाण्यातून गेलात तर दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सचं तेल बघा. या गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचं डिफरन्शियल एकाच साडेतीन लिटर तेलावर चालतं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. मागच्या डिफरन्शियलमध्ये जेमतेम ०.८ लिटर असतं, तेही सोबत बदलून टाका.

तर आत्ता स्ट्रट, स्प्रिंग आणि मागचे बोल्ट मागवा, टायमिंग बेल्टचं बिल शोधा. पार्ट आले की दोन दिवसांत गाडी बसते. अलाइनमेंट करून ५०० किलोमीटर चालवा, मग परत आणा, सगळे बोल्ट पुन्हा आवळून बूट बघून देईन. चकत्यांचं पावसाळ्यानंतर बोलू. येताना आरसी आणि चार चाकांची ती चार मापं कागदावर लिहून आणा.